पक्षाघातानंतर गळणारी लाळ : दोष लाळेचा नव्हे, गिळण्याचा

पक्षाघाताचा झटका येऊन गेलेला रुग्ण रुग्णालयातून घरी परततो, तेव्हा कुटुंबीयांचे सारे लक्ष त्याच्या लुळ्या पडलेल्या हातापायांकडे असते. हात केव्हा उचलला जाईल, पाऊल केव्हा टाकता येईल, याचीच चर्चा घरात चालते. ओठांच्या एका कोपऱ्यातून सतत ओघळणारी लाळ मात्र दुय्यम मानली जाते. एखादे फडके हाताशी ठेवले की प्रश्न मिटला, अशी समजूत असते. प्रत्यक्षात अनेक रुग्णांना सर्वाधिक संकोच वाटतो तो याच गोष्टीचा. 'लाळ गाळणे' किंवा 'लाळघोटेपणा' हे आपल्या भाषेतील शब्दप्रयोगच हीनता सुचविणारे आहेत. कालपर्यंत घराचा कारभार पाहणारा माणूस या संकोचामुळे पाहुण्यांसमोर येणे टाळतो, पंक्तीत बसत नाही आणि हळूहळू बोलणेही कमी करतो.

वैद्यकीयदृष्ट्याही ही लाळ दुर्लक्ष करण्याजोगी नाही. रुग्णाचे गिळणे बिघडले असल्याची ती अनेकदा पहिली दृश्य खूण असते. ही खूण न ओळखता केवळ लाळ सुकविण्याचे औषध दिले, तर बाहेरून चेहरा कोरडा दिसतो, परंतु आतील धोका तसाच राहतो. म्हणूनच या उपचारात काय करावे याइतकेच ते कोणत्या क्रमाने करावे, हे महत्त्वाचे आहे.

प्रश्न किती घरांचा?

मुंबईत डॉ. पी. एम. दलाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ आणि २००६ या दोन वर्षांत पक्षाघाताची लोकवस्तीवर आधारित नोंद ठेवली होती. १ लाख ५६ हजार ८६१ रहिवाशांमध्ये ४५६ जणांना आयुष्यातील पहिला झटका आल्याचे तीत आढळले. त्यांपैकी सुमारे ३० टक्के रुग्ण २८ दिवसांच्या आत दगावले. याचाच दुसरा अर्थ असा, की दहापैकी सात जण त्यापुढेही जगले. या जगलेल्यांचे पुढचे आयुष्य कसे जाते, हा प्रश्न रुग्णालयाच्या दारातून बाहेर पडल्यावर सुरू होतो. पक्षाघाताच्या सुरुवातीच्या दिवसांत साधारणतः निम्म्या रुग्णांना गिळण्याचा काही ना काही त्रास होतो, असे जगभरातील अभ्यास सांगतात. त्यांतील बहुतेकांची स्थिती काही आठवड्यांत सुधारते. काहींचा त्रास मात्र महिनोन्‌महिने रेंगाळतो.

मोठ्या शहरातील रुग्णाला या काळात तज्ज्ञांचा सल्ला मिळविणे तुलनेने सोपे असते. पण शहरात नोकरी करणाऱ्या अनेकांचे आईवडील गावी असतात. धाराशिव (पूर्वीचा उस्मानाबाद) जिल्ह्यातील तुळजापूर तालुक्यातले जळकोट हे असेच एक गाव. सोलापूर-हैदराबाद महामार्गावर, सोलापूरहून जाताना नळदुर्गच्या पुढे ते लागते. येथील रुग्णाला झटका आला तर महामार्गाने सोलापूर गाठता येते आणि तेथे उपचारही मिळतात. खरी परीक्षा असते ती घरी परतल्यानंतरची. तेव्हा रुग्णाजवळ डॉक्टर नसतात. असते ती पत्नी, सून किंवा मुलगा. लाळेवरील उपचाराचा मोठा भाग याच मंडळींच्या हातून होणार असतो.

लाळ वाढत नाही, साठते

निरोगी माणसाच्या तोंडात दिवसभरात अर्धा ते दीड लिटर लाळ तयार होते. कानांच्या पुढे, जबड्याखाली आणि जिभेखाली असणाऱ्या लाळग्रंथींच्या तीन जोड्या हे काम करतात. काही खात नसताना तोंड ओले ठेवण्याचे काम प्रामुख्याने जबड्याखालील ग्रंथी करतात, तर जेवताना कानापुढील ग्रंथी अधिक क्रियाशील होतात. एवढी लाळ तयार होऊनही ती आपल्याला जाणवत नाही, याचे कारण आपण नकळत आवंढा गिळत असतो. जागेपणी साधारणतः मिनिटाला एखादा आवंढा गिळला जातो.

ही क्रिया वाटते तितकी साधी नसते. ओठ मिटणे, जिभेने लाळ मागे ढकलणे, टाळू वर उचलणे, श्वासनलिकेचे दार क्षणभर बंद होणे आणि अन्ननलिकेचे तोंड उघडणे, एवढ्या गोष्टी ठरावीक क्रमाने घडाव्या लागतात. पंचविसाहून अधिक स्नायूंच्या जोड्या त्यात भाग घेतात आणि त्यांचे नियंत्रण मेंदूकडे असते. पक्षाघातात या नियंत्रणालाच धक्का बसतो. चेहऱ्याची एक बाजू सैल पडल्याने ओठ नीट मिटत नाहीत. जीभ मंद होते. तोंडातील संवेदना कमी झाल्याने लाळ साठल्याचे रुग्णाला कळतच नाही. मान पुढे झुकलेली असेल तर साठलेली लाळ आपोआप बाहेर येते. मेंदूच्या दोन्ही बाजूंना झटके येऊन गेले असतील किंवा मेंदूच्या देठाला इजा झाली असेल, तर त्रास अधिक तीव्र असतो.

थोडक्यात, पक्षाघाताच्या बहुतांश रुग्णांमध्ये लाळेचे उत्पादन वाढलेले नसते, तिचा निचरा मंदावलेला असतो. घरातील मंडळी 'लाळ फार सुटते' असे म्हणतात, पण वस्तुतः 'आवंढे कमी पडतात' असे म्हणावयास हवे. या एका फरकावर उपचाराची सारी दिशा अवलंबून आहे.

आधी गिळण्याची तपासणी

तोंडात साठलेली लाळ बाहेर आली तर कपडे भिजतात, आत श्वासनलिकेत उतरली तर जिवावर बेतते. लाळेबरोबर तोंडातील जंतू फुफ्फुसात जातात आणि न्यूमोनिया होतो. पक्षाघातानंतरच्या मृत्यूंचे हे एक प्रमुख कारण आहे. म्हणून लाळ गळणाऱ्या रुग्णाबाबत पहिला प्रश्न विचारावयाचा तो असा : रुग्ण सुरक्षितपणे गिळतो आहे काय?

जेवताना वा पाणी पिताना ठसका लागणे, घास गिळल्यावर आवाज घोगरा किंवा घशात पाणी असल्यासारखा ओला येणे, गालात घास राहून जाणे, जेवण फार लांबणे, वजन घटणे आणि अधूनमधून ताप येणे ही धोक्याची चिन्हे होत. मात्र ठसका लागत नाही, म्हणजे सारे ठीक आहे, असे समजू नये. घशातील संवेदनाच बोथट झाली असेल, तर अन्न वा लाळ श्वासनलिकेत जाऊनही रुग्ण खोकत नाही. या मूक प्रकारामुळेच ही तपासणी प्रशिक्षित व्यक्तीकडून होणे आवश्यक ठरते.

हे काम स्पीच थेरपिस्ट, म्हणजे वाचा-उपचारतज्ज्ञ करतात. त्यांचा संबंध केवळ बोलण्याशी असतो, असा समज सर्वत्र आहे, परंतु गिळण्याचे विकार हाही त्यांच्या अभ्यासाचा विषय असतो. प्रथम ठरावीक प्रमाणात पाणी वा घट्टसर पदार्थ देऊन निरीक्षण केले जाते. गरज भासल्यास नाकातून बारीक दुर्बीण घालून किंवा क्ष-किरणांच्या चलत्‌चित्राद्वारे गिळण्याची क्रिया प्रत्यक्ष पाहिली जाते. रुग्णालयातून घरी सोडण्याच्या दिवशी 'गिळण्याची तपासणी झाली आहे का आणि तोंडाने काय द्यावयाचे?' हा प्रश्न नातेवाइकांनी आवर्जून विचारावा आणि उत्तर कागदावर लिहून घ्यावे.

याच वेळी चालू औषधांची यादीही डॉक्टरांना दाखवावी. काही मानसिक आजारांवरील औषधे, विशेषतः क्लोझापिन, तसेच स्मृतिभ्रंशावरील डोनेपेझिलसारखी औषधे लाळ वाढवू शकतात. सैल झालेली कवळी, किडलेले दात, हिरड्यांची सूज आणि पित्त वर येणे हीदेखील कारणे असू शकतात. ती दूर केली तर काही वेळा वेगळ्या औषधाची गरजच उरत नाही.

स्वच्छ तोंड, सुरक्षित फुफ्फुस

लाळेचा काही अंश घशात उतरणारच असेल, तर ती निदान स्वच्छ असावी, हा साधा विचार फार मोलाचा आहे. जपानमधील ११ वृद्धनिवासांत दोन वर्षे केलेल्या एका अभ्यासाचे निष्कर्ष १९९९ मध्ये 'द लॅन्सेट' या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. ज्यांच्या तोंडाची नियमित स्वच्छता राखली गेली, त्यांच्यापैकी ११ टक्के जणांना न्यूमोनिया झाला. ज्यांच्याबाबत तशी विशेष काळजी घेतली गेली नाही, त्यांच्यात हे प्रमाण १९ टक्के होते. मऊ ब्रश आणि थोडा वेळ एवढेच या उपायाचे भांडवल आहे.

प्रत्येक जेवणानंतर आणि रात्री झोपण्यापूर्वी दात, हिरड्या, जीभ आणि लुळ्या बाजूच्या गालाची आतील पोकळी साफ करावी. घास बहुधा त्याच पोकळीत अडकून राहतो. रुग्णाला नीट चूळ भरता येत नसेल तर ओल्या, पिळून घेतलेल्या स्वच्छ कापडाने तोंड पुसावे. त्या वेळी रुग्ण बसलेला असावा. नाकातून नळी घातलेल्या रुग्णाचेही तोंड साफ करावे लागते. तो तोंडाने खात नाही म्हणून तोंड अस्वच्छ होत नाही, हा गैरसमज आहे. ग्रामीण भागात वडीलधाऱ्यांना तंबाखूची वा मिश्रीची सवय असते आणि आजारपणात 'तेवढेच एक सुख' म्हणून घरचे ती पुरवितात. तंबाखूने तोंडात लाळ सुटते, हिरड्या बिघडतात आणि पक्षाघाताचा दुसरा झटका येण्याचा धोकाही वाढतो.

बसणे, ओठ मिटणे आणि आवंढा

रुग्णाची बैठक सुधारली तरी लाळ गळण्यात लक्षणीय फरक पडू शकतो. पाठीला आधार देऊन सरळ बसवावे, मान पुढे वा लुळ्या बाजूला कलू नये यासाठी उशी लावावी. पाठीवर सपाट निजवून काहीही भरवू नये आणि जेवणानंतर किमान अर्धा तास बसते ठेवावे. झोपताना डोक्याकडील बाजू थोडी उंच असावी.

ओठांच्या व्यायामासाठी मराठी वर्णमाला उपयोगी पडते. प, फ, ब, भ, म ही ओष्ठ्य अक्षरे उच्चारताना ओठ पूर्ण मिटावे लागतात. आरशासमोर बसून ती स्पष्ट म्हणणे, गाल फुगवून हवा धरून ठेवणे, ओठांत चमच्याची चपटी बाजू पकडणे, असे व्यायाम तज्ज्ञ सुचवितात. यांच्या परिणामाबद्दलचा शास्त्रीय पुरावा अद्याप मर्यादित आहे. तथापि त्यांत खर्च नाही आणि रुग्णाचा सहभाग वाढतो. सर्वांत सोपी सवय म्हणजे आठवणीने आवंढा गिळणे. बोलण्यापूर्वी, उठण्यापूर्वी आणि कोणी समोर आल्यावर 'आधी ओठ मिटा, आवंढा गिळा' असे हळू आवाजात सुचवावे. चारचौघांत मोठ्याने 'लाळ पुसा' असे म्हणू नये.

पुसण्याचीही एक रीत आहे. हनुवटी घासून पुसल्यास कातडी सोलवटते आणि सैल झालेले ओठ अधिक खाली ओढले जातात. म्हणून मऊ सुती कापडाने हलकेच टिपावे. ओल्या कातडीवर व्हॅसलिनसारखे मलम लावावे. प्रौढ माणसाच्या गळ्यात लहान मुलासारखे लाळेरे बांधणे त्याला अपमानास्पद वाटते. त्याऐवजी पुरुषांच्या खांद्यावर पंचा वा उपरणे आणि स्त्रियांच्या पदराखाली सुती फडके ठेवले तर काम भागते आणि मानही राहतो.

ताटात काय असावे?

लाळ कमी व्हावी म्हणून रुग्णाचे पाणी तोडणे ही सर्रास होणारी चूक आहे. पाणी कमी पडले की लाळ घट्ट व चिकट होते, ती गिळणे अधिकच अवघड जाते, बद्धकोष्ठ होते आणि तोंडात जंतू वाढतात. पाण्यासारखा पातळ पदार्थ सोसत नसेल, तर तो किती दाट करावा हे तज्ज्ञ ठरवितात आणि त्यानुसार द्यावे.

जळकोटच्या परिसरात ज्वारीची भाकरी हे रोजचे अन्न. ती दुधात वा आमटीत कुस्करून दिली की रुग्णाला सोपी जाते, असे घरोघरी मानले जाते. परंतु पातळ दूध आणि त्यात तरंगणारे भाकरीचे कण हे मिश्रण गिळण्यास विशेष अवघड असते, कारण दूध झटकन घशात उतरते आणि कण मागे राहतात. भाकरी पूर्ण भिजवून, घोटून एकजीव करावी. कोरडी शेंगदाण्याची चटणी, चुरमुरे, फुटाणे यांचे कण घशात विखुरतात, म्हणून ते टाळावेत. ज्वारीची दाट आंबील, हुलग्याचे गुठळ्या नसलेले माडगे, घोटलेला वरणभात हे पदार्थ परवडणारे आणि परिचित आहेत. तज्ज्ञाने सांगितलेला दाटपणा त्यांतही साधता येतो. एक दक्षता मात्र घ्यावी. लाळेतील पाचकरसामुळे पिठाचे दाट पदार्थ पातळ होतात. म्हणून रुग्णाच्या तोंडातला चमचा पुन्हा पुन्हा मुख्य वाटीत बुडवू नये. थोडे थोडे वेगळे काढून घ्यावे.

लाळ सुकविणारी औषधे

एवढे करूनही लाळ त्रासदायक राहिली, तर औषधांचा विचार होतो. लाळग्रंथींना मिळणारा चेतासंदेश रोखून ही औषधे लाळ कमी करतात. ग्लायकोपायरोलेट, ट्रायहेक्सिफेनिडिल, अॅमिट्रिप्टिलीन यांच्या गोळ्या, हायोसिनची कातडीवर लावण्याची पट्टी, तसेच डोळ्यांत घालण्याच्या अॅट्रोपिनचे थेंब जिभेखाली देणे, असे पर्याय वापरले जातात. त्यांपैकी ग्लायकोपायरोलेट मेंदूत फारसे शिरत नाही, म्हणून वृद्धांमध्ये गोंधळलेपणा निर्माण होण्याचा धोका त्यात तुलनेने कमी असतो.

या औषधांचा परिणाम लाळग्रंथींपुरता राहत नाही. लघवी अडणे, बद्धकोष्ठ, हृदयाचे ठोके वाढणे, धूसर दिसणे, भ्रम होणे असे दुष्परिणाम संभवतात. काचबिंदू, प्रोस्टेटची वाढ किंवा स्मृतिभ्रंश असलेल्या रुग्णांना ती घातक ठरू शकतात. लाळ प्रमाणाबाहेर सुकली तर घशातील कफ चिकट होऊन बाहेर पडत नाही. शेजारच्या रुग्णाला गुण आला म्हणून दुकानातून तेच थेंब आणणे त्यामुळे सर्वथा अनुचित आहे. मात्रा डॉक्टरांनीच ठरवावी आणि लघवी, पोट साफ होणे व वागणुकीतील बदल यांवर घरच्यांनी लक्ष ठेवावे. पहिल्या काही आठवड्यांत आपोआप सुधारणा होण्याची शक्यता असल्याने औषधाची घाईही करू नये.

बोटुलिनमचे इंजेक्शन

एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभी जर्मनीतील युस्टिनस केर्नर या डॉक्टरांनी, जे कवीही होते, नासलेल्या मांसपदार्थांतून होणाऱ्या विषबाधेचा अभ्यास केला. या रुग्णांचे तोंड कोरडे पडते, असे त्यांनी नोंदविले आणि पुढेमागे या विषाचा औषध म्हणून उपयोग होऊ शकेल, असा तर्कही मांडला. तेच बोटुलिनम विष आज अत्यल्प मात्रेत लाळग्रंथींमध्ये टोचले जाते. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१८ मध्ये प्रौढांमधील दीर्घकाळच्या लाळ गळण्यासाठी त्याच्या एका प्रकाराला मान्यता दिली आणि २०१९ मध्ये दुसऱ्या प्रकारालाही दिली. पहिल्या मान्यतेचा आधार असलेल्या चाचणीत १८४ रुग्ण होते. त्यांतील बहुतेक पार्किन्सनचे असले, तरी पक्षाघाताच्या रुग्णांचाही समावेश होता.

कानापुढील आणि जबड्याखालील अशा चार ग्रंथींत, शक्यतो सोनोग्राफीच्या साहाय्याने जागा पाहून, हे इंजेक्शन दिले जाते. परिणाम एक-दोन आठवड्यांत दिसू लागतो आणि साधारण तीन ते चार महिने टिकतो. त्यानंतर ते पुन्हा घ्यावे लागते, हा खर्चाचा भाग झाला. औषध आसपासच्या स्नायूंत पसरले तर गिळणे आणखी बिघडू शकते, म्हणून अनुभवी तज्ज्ञाकडूनच ते घ्यावे. लाळग्रंथींवर शस्त्रक्रिया वा किरणोपचार हे अगदी शेवटचे आणि क्वचित वापरले जाणारे मार्ग होत.

गावपातळीवर काय शक्य आहे?

वाचा-उपचारतज्ज्ञ प्रामुख्याने शहरांत असतात, ही वस्तुस्थिती आहे. मुंबईतील अली यावर जंग राष्ट्रीय संस्थेसारख्या ठिकाणी त्यांचे प्रशिक्षण होते, पण तालुक्याच्या गावी ते क्वचितच आढळतात. अशा वेळी सोलापूर वा धाराशिवच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात फेरतपासणीला जाताना गिळण्याचा प्रश्नही यादीत असावा. शहरात राहणाऱ्या मुलामुलींनी तज्ज्ञाशी दृक्‌श्राव्य संपर्क घडवून आणावा. शासनाची 'ई-संजीवनी' ही दूरसल्ला सेवाही डॉक्टरांपर्यंत पोहोचण्याचे साधन आहे. प्रत्यक्ष तपासणीला मात्र या सल्ल्याचा पर्याय नाही.

रोजच्या देखभालीसाठी गावातच माणसे तयार करता येतात, हे जळकोटच्याच टापूने दाखवून दिले आहे. जवळच्या अणदूर येथील हॅलो मेडिकल फाउंडेशनने 'भारतवैद्य' या नावाने गावोगावच्या स्त्रियांना आरोग्यसेवेचे प्रशिक्षण दिले आहे. आशा कार्यकर्त्या तर आज गावोगावी आहेत. तोंडाची स्वच्छता, बसण्याची पद्धत आणि धोक्याची चिन्हे एवढे जरी त्यांना शिकविले, तरी अनेक कुटुंबांना आधार मिळेल. 'अंगावरून वारे गेले' म्हणून पारव्याच्या रक्ताने चोळण्यासारखे उपाय आजही केले जातात. त्यांनी लाळ थांबत नाही आणि उपचाराचा मोलाचा वेळ वाया जातो.

अचानक लाळ गळू लागली तर?

आजवर लाळ न गळणाऱ्या माणसाच्या ओठांच्या कोपऱ्यातून चहा ओघळू लागला, तोंड वाकडे झाले, हात गळाला वा बोलणे अडखळले, तर तो पक्षाघाताचा ताजा झटका असू शकतो. पूर्वी झटका येऊन गेलेल्या रुग्णातही लाळ एकाएकी वाढणे हे नव्या झटक्याचे लक्षण असू शकते. गुठळी विरघळविणारे इंजेक्शन साधारणतः पहिल्या साडेचार तासांतच देता येते. अशा वेळी काहीही न भरवता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि लक्षणे सुरू झाल्याची वेळ लक्षात ठेवावी.

झटक्यातून वाचलेल्या रुग्णासाठी मात्र घाईपेक्षा क्रम महत्त्वाचा आहे. आधी गिळण्याची तपासणी, मग तोंडाची स्वच्छता, बैठक आणि आहार, त्यानंतर गरजेनुसार औषध आणि सर्वांत शेवटी इंजेक्शन. या क्रमातील पहिल्या पायऱ्या स्वस्त आहेत आणि पहिली तपासणी वगळता बाकीच्या घरातच चढता येण्याजोग्या आहेत. त्या चढल्या, तर हनुवटी कोरडी राहण्याबरोबरच रुग्ण न्यूमोनियापासून बचावण्याची आणि पुन्हा चार माणसांत बसून बोलू लागण्याची शक्यता वाढते.